ओळंबा आणि भिंग

ज्युबिलीच्या निमित्तानें रत्नागिरी येथें धर्मग्रामस्थांपुढें केलेलें भाषण



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हीं दोन शब्द बोलावे अशी आज्ञा समितीनें केली, तेव्हां आम्ही प्रथम संकोचलों. आम्ही पंडित नव्हों, कीं वक्ते नव्हों. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आहों, आणि छायाचित्रें काढण्याचा आम्हांस जुना नाद आहे. धर्माविषयीं बोलण्यास आमच्याहून अधिकारी माणसें येथें बसलेलीं आहेत. म्हणून ज्या एका लहानशा गोष्टींत आमचे हात मळलेले आहेत, तिच्याविषयींच बोलावें असें आम्हीं ठरविलें. ती गोष्ट ही कीं, आपल्या चर्चांचे व चॅपलांचे फोटो सरळ कसे काढावे, आणि त्याकरितां जुन्या काळची एक विशिष्ट लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवून तिचा उपयोग कसा करावा. विषय ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु या लहान गोष्टीच्या अज्ञानामुळें आमच्या हातून एक नुकसान झालें आहे, आणि तें कधींहि भरून येण्यासारखें नाहीं. तें आधीं आपणांस सांगतों.

आमचा जन्म ज्या वाडींत झाला, तेथें जांभ्या चिऱ्यांचें एक लहानसें चॅपल होतें. नांव मुद्दाम सांगत नाहीं, कारण दोष वाडीचा नव्हे, आमचा आहे. त्या चॅपलची दर्शनी भिंत दोन्ही खांद्यांवरून एक गोड वळण घेऊन वर जाई, आणि माथ्यावर चुन्यांत घडविलेला क्रूस असे. पावसाळ्यांत भिंतीवर शेवाळ धरी, आणि नाताळापूर्वीं वाडींतील तरुण शिड्या लावून तिला चुना काढीत. पुढें छपराचें लांकूड वाळवीनें पोखरलें, वरचे चिरे सुटूं लागले, आणि भिंत दाराच्या चौकटीपर्यंत उतरवून होती तशीच पुन्हा बांधावी, असें सर्वांनीं ठरविलें. वर्गणी जमली. गवंडी आले. भिंत उतरविण्यापूर्वीं तिचें मोजमाप घ्यावें, असें एकानें सुचविलें, त्यावर, "मास्तरांनीं फोटो काढलेला आहे, मग मापें कशाला?" असें दुसऱ्यानें उत्तर दिलें; आणि आम्हींहि मोठ्या अभिमानानें मान डोलाविली!

भिंत उतरली. मग एके दिवशीं मुख्य गवंडी आमचा फोटो हातांत घेऊन आमच्या दारीं आला. तो उंबऱ्यावर बसला, फोटोकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, "मास्तर, ही भिंत वर निमुळतीच होती, कां फोटूनं तशी केली?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. फोटोंत भिंतीच्या दोन्ही कडा वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसत होत्या, आणि सर्व चॅपल पाठीमागें कलल्यासारखें वाटत होतें. माथ्याचा क्रूस इवलासा दिसे. खरी भिंत किती उंच होती, खांद्याचें वळण कोठें सुरू होई, क्रूस केवढा होता, यांपैकीं एकहि गोष्ट त्या चित्रावरून निश्चित सांगतां येईना. वृद्ध माणसांस विचारलें, तर तीन माणसांनीं तीन उत्तरें दिलीं. अखेर गवंड्यानें अदमासानें माथा बांधिला. तो वाईट नाहीं. पण तो जुना नव्हे. मिस्सा आटोपून बाहेर येतांना आमच्या एका आजीबाईंनीं वर पाहिलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, "देऊळ आमचंच, पण तोंड दुसऱ्याचं." तें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं.

आतां आमची चूक कोणती, तें पाहूं. माडाच्या बुंध्याशीं उभें राहून शेंड्याकडे पाहिलें, तर बुंधा जाड व शेंडा बारीक दिसतो. कारण शेंडा डोळ्यापासून दूर असतो. डोळ्यामागें मन असतें, तें ही चूक सुधारून घेतें, म्हणून माड आपल्या अंगावर कलला आहे असें आपणांस वाटत नाहीं. कॅमेऱ्याला मन नाहीं. अंगण लहान, भिंत उंच, म्हणून माथा चित्रांत यावा यासाठीं आम्हीं कॅमेऱ्याचें तोंड वर केलें. तसें करतांच कॅमेऱ्याच्या आंतील फिल्मचा पडदा भिंतीशीं समांतर राहिला नाहीं; तो तिरपा झाला. मग भिंतीचा पायथा मोठा व माथा लहान उमटला. याचा अर्थ इतकाच कीं, भिंत ओळंब्यांत होती, पण आमचा कॅमेरा ओळंब्यांत नव्हता. जो नियम गवंडी पहिल्या दिवशीं शिकतो, तो आम्ही चित्रकलेचे मास्तर असूनहि विसरलों.

यावर कोणी म्हणेल कीं, मग कॅमेरा सरळ धरावा, म्हणजे झालें. परंतु कॅमेरा सरळ धरला, तर चित्राचा खालचा अर्धा भाग अंगणांतल्या मातीनें भरतो आणि माथा वरून कापला जातो. मागें सरकावें, तर पाठीशीं गडगा, विहीर, नाहींतर रस्ता. कोंकणांतील आपलीं बहुतेक चॅपलें अशाच अडचणीच्या जागीं आहेत. येथें रत्नागिरींतच थिबा राजवाडा पाहा. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ सालीं पदच्युत झाला, पुढें त्याला येथें आणून ठेविलें, १९१० च्या सुमारास त्याच्यासाठीं हा वाडा बांधला गेला, आणि १९१६ सालीं रत्नागिरींतच त्याचा अंत झाला. वाड्यापुढें मोकळें आवार आहे. हवें तितकें मागें जाऊन कॅमेरा सरळ ठेवावा, आणि निश्चिंत व्हावें. पण राजाच्या वाड्याला जें आवार मिळतें, तें वाडीच्या चॅपलला कोठून मिळणार?

या अडचणीवरचा उपाय नवा नाहीं. उलट तो आपण टाकून दिलेला जुना उपाय आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, म्हणजे हा व्यवसाय आपल्या प्रांतांत पावणेदोनशें वर्षांच्या घरांत आला आहे. त्या जुन्या काळीं छायाचित्रकार तिपाईवर लांकडी कॅमेरा ठेवून डोक्यावर काळें फडकें घेत, हें आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं स्टुडिओंत पाहिलें असेल. त्या कॅमेऱ्यांत पुढची लेन्सची फळी आणि मागची कांच यांच्यामध्यें कातड्याचा किंवा कापडाचा भाता असे. इमारतींचीं चित्रें काढण्यासाठीं जे कॅमेरे असत, त्यांत ही पुढची फळी वर सरकवितां येई. कॅमेरा ओळंब्यांत ठेवावयाचा, आणि केवळ भिंग वर उचलावयाचें. खिडकींतून समोरच्या माडाचा शेंडा दिसत नसेल, तर भिंत वांकवून उपयोग नाहीं. खिडकीच थोडी वर बसविली पाहिजे. भिंग वर सरकविणें म्हणजे खिडकी वर बसविणें होय.

पुढें १९२५ सालीं लायका बाजारांत आला, आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांचा काळ सुरू झाला. कॅमेरा खिशांत मावूं लागला, पण भाता गेला आणि सरकती फळीहि गेली. ही उणीव भरून काढण्यासाठीं जपानांतील निकॉन कंपनीनें १९६२ सालीं ३५ मिलिमीटर फोकसची एक लेन्स काढिली. तिचें नांव पीसी-निक्कोर. लहान कॅमेऱ्यासाठीं निघालेली ही पहिली सरकती लेन्स. हिलाच आतां शिफ्ट लेन्स म्हणतात. १९६८ सालीं तिची अधिक प्रकाश घेणारी, एफ २.८ ची आवृत्ति निघाली. १९७३ सालीं कॅननची ३५ मिलिमीटरची लेन्स निघाली. ती सरकत असे आणि शिवाय तिरपीहि होत असे. या सर्वांचें तत्त्व एकच: साधी लेन्स आपल्या फिल्मच्या चौकटीपुरतें वर्तुळाकार चित्र पाडते, शिफ्ट लेन्स त्याहून मोठें वर्तुळ पाडते, आणि आपण त्या मोठ्या वर्तुळांतला हवा तो भाग निवडतों. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. तिच्यासाठीं सुमारें ४३ मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ पुरतें. पीसी-निक्कोर ११ मिलिमीटर सरकते. चौकट आडवी ठेवून इतकें वर सरकावयाचें, तर वर्तुळ निदान ५८ मिलिमीटरचें असलें पाहिजे. या लेन्स जड आणि महाग कां, याचें उत्तर यांत आहे.

अशी एक एफ २.८ ची लेन्स आमच्या घरींच होती, आणि आम्हांस तिचा पत्ता नव्हता. आमचे मामा बोटीवर नोकरीस होते. आपल्या समाजांतील कितीतरी घरांची चूल बोटीवरच्या पगारावर पेटली आहे, हें आपण जाणतांच. मामांनीं ती लेन्स जपानच्या एका बंदरांत विकत घेतली, आणि निवृत्त झाल्यावर इतर सामानाबरोबर ती पत्र्याच्या ट्रंकेंत गेली. चॅपलची हकीकत त्यांच्या कानीं गेली, तेव्हां ते आम्हांस म्हणाले, "अरे बाबा, तुझा फोटो वांकडा आला, त्याचं औषध माझ्या ट्रंकेंत पडलंय, आणि तूं मला एका शब्दानं विचारलं नाहींस!" ट्रंक उघडली. लेन्स कातड्याच्या पिशवींत होती, आणि तिच्या आंतल्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती.

हें कोंकण आहे. येथें पावसाळ्याचे चार महिने हवेंत पाणी असतें, आणि कातडें तें पाणी शोषून घेऊन बुरशीला आसरा देतें. म्हणून ज्यांच्या घरीं जुन्या लेन्स असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं, त्या कातड्याच्या पिशव्यांतून आजच काढाव्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्या, पुड्या ओल्या झाल्या कीं बदलाव्या, आणि अधूनमधून लेन्स उजेडांत काढून विजेरीच्या प्रकाशांत तपासावी. आमची लेन्स एका कुशल कारागिरानें उघडून साफ केली. कांचेच्या कडेला एक पुसट डाग राहिला आहे. पण चित्रांत तो दिसत नाहीं.

आतां जुन्या लेन्सचा नव्या कॅमेऱ्याशीं विवाह कसा लावावयाचा, तें सांगतों. निकॉनच्या जुन्या लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर अंतरावर असावी लागते, कारण मध्यें आरशाला जागा हवी. नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हें अंतर फारच कमी आहे: सोनीच्या ई बैठकीचें १८, कॅननच्या आरएफ बैठकीचें २०, आणि निकॉनच्या झेड बैठकीचें १६ मिलिमीटर. उरलेलें अंतर एका धातूच्या कड्यानें भरून काढितात. त्याला अडॅप्टर म्हणतात. सोनीसाठीं तें २८.५ मिलिमीटर जाडीचें लागतें, निकॉन झेडसाठीं ३०.५ मिलिमीटरचें. त्यांत कांच नसते, यंत्र नसतें. मात्र कडें घट्ट बसणारें घ्यावें. तें डुगडुगलें तर लेन्स तिरपी होते, आणि मग सर्व खटाटोप व्यर्थ जातो. पूर्ण ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेला व आरसा नसलेला सोनीचा ए-७ कॅमेरा २०१३ सालीं निघाला, आणि निकॉन व कॅनन यांचे तसे कॅमेरे २०१८ सालीं आले. तेव्हांपासून या जुन्या लेन्सना दुसरें आयुष्य लाभलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आणि हें दुसरें आयुष्य पहिल्याहून सोपें आहे. मामांच्या काळीं छिद्र बारीक केलें कीं डोळ्याला लावलेली खिडकी अंधारी होई, लेन्स सरकविली कीं प्रकाशमापक चुकीचें माप सांगे, आणि चित्र कसें आलें तें फिल्म धुतल्यावर कळे. आतां जें सेन्सरवर पडतें, तेंच मागच्या पडद्यावर दिसतें. क्रूसाचा कोपरा दहापट मोठा करून तो स्पष्ट आहे कीं नाहीं, हें पाहतां येतें. कॅमेऱ्यांतच पाणसळ असते, ती रेघ दाखवून कॅमेरा ओळंब्यांत आहे कीं नाहीं, तें सांगते.

कृति अशी. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. दाराच्या मध्यावरून सरळ मागें यावें, आणि भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोरीनें अंतर मोजून तें सारखें आहे, याची खात्री करावी. नाहींतर भिंत उभ्यांत सरळ येईल, पण आडव्यांत तिरपी होईल. मग पाणसळ पाहून कॅमेरा ओळंब्यांत आणावा. कॅमेऱ्याच्या यादींत लेन्स जोडलेली नसतांनाहि शटर उघडण्याची मुभा असते, ती द्यावी; कारण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याशीं बोलत नाहीं, आणि कांहीं कॅमेरे ती नाहींच असें समजून रुसून बसतात. लेन्स सरकण्याची दिशा वर येईल अशी ती फिरवून घ्यावी, आणि बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवीत माथ्यावरचा क्रूस चित्रांत येईपर्यंत भिंग वर न्यावें. कॅमेऱ्याला त्यानंतर हात लावूं नये. पीसी-निक्कोरला छिद्राचीं दोन कडीं आहेत: एकानें मर्यादा ठरवावयाची, दुसऱ्यानें छिद्र उघडावयाचें व मिटावयाचें. उघड्या छिद्रावर फोकस करावा, मग एफ ८ किंवा एफ ११ पर्यंत मिटावें. कारण वर सरकविल्यावर आपण वर्तुळाच्या कडेचा भाग वापरीत असतों, आणि जुन्या भिंगाची कड उघड्या छिद्रावर मऊ येते. प्रकाशाचें माप हातानें ठेवावें, आणि चुना काढलेली भिंत पांढरी फटफटीत होऊन तपशील नाहींसा होत नाहीं ना, हें हिस्टोग्राम नांवाच्या आलेखावर पाहावें. ऊन तिरपें असेल तर सावल्या लांब पडतात. नोंदीसाठीं काढावयाच्या फोटोला आभाळ आलेलें बरें.

अंकांचा थोडा हिशेब आपण सोसावा, अशी विनंति आहे. समजा, चॅपल पायथ्यापासून क्रूसापर्यंत १२ मीटर उंच आहे, आणि कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. साधी ३५ मिलिमीटर लेन्स लावून आडव्या चौकटींत, कॅमेरा सरळ ठेवून, क्रूस यावयाचा असेल, तर सुमारें ३१ मीटर मागें जावें लागतें. शिफ्ट लेन्स साडेआठ मिलिमीटर वर सरकविली, तर १८ मीटर पुरतात, आणि पायथाहि चित्रांत राहतो. तेरा मीटरांचा हा फरक म्हणजेच आपल्या चॅपलपुढचा गडगा आणि रस्ता! ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यांनीं कॅमेरा उभा धरावा, म्हणजे त्याच १८ मीटरांवरून भागतें. मात्र रुंदी सुमारें ८ मीटरच येते, आणि लहान चॅपलला ती पुष्कळ होते.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. असें सरळ काढलेलें चित्र म्हणजे त्या भिंतीचा नकाशाच होय. आडव्या बाजूस ६००० बिंदू असलेल्या पूर्ण सेन्सरवर, १८ मीटरांवरून, चित्रांतला एकेक बिंदू भिंतीवरचे सुमारें ३ मिलिमीटर दाखवितो. भिंतीशीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची दोन मीटरांची काठी उभी ठेवून फोटो काढला, तर त्या काठीवरून भिंतीच्या पातळींतल्या प्रत्येक चिऱ्याचें माप पुढें केव्हांहि काढतां येतें. भिंतीपासून पुढें आलेल्या किंवा आंत गेलेल्या भागांचीं मापें मात्र निराळीं घ्यावीं लागतात, आणि जुन्या भिंगाची किंचित् वक्रता कडेला राहते, हेंहि सांगून ठेवतों. तरीपण गवंडी फोटो घेऊन दारीं आला, तर त्याला उत्तर देण्यास हें पुरेसें आहे.

येथें आमचे तरुण मित्र म्हणतील, "सर, हें सर्व कशाला? वांकडा फोटो संगणकावर एका क्षणांत सरळ होतो." होतो, हें खरें. आम्हींहि चॅपलचा तो जुना फोटो संगणकावर घातला होता. कडा समांतर झाल्या, माथा रुंद झाला, आम्हांस आनंद झाला. पण मग प्रश्न उभा राहिला कीं, उंची किती ताणावी? थोडी ताणली तर चॅपल बुटकें दिसे, अधिक ताणली तर मनोऱ्यासारखें दिसे, आणि दोन्ही चित्रांत कडा तितक्याच सरळ होत्या. भिंतीचीं मापें घेतलेलीं असतीं, किंवा मूळ निगेटिव्ह हातीं असती, तर हिशेबानें उत्तर निघालें असतें. आमच्याजवळ कडेनें कापलेली एक प्रत तेवढी उरली होती. संगणक रेघा सरळ करतो. पण जें मोजलें नाहीं, तें तो कोठून आणणार? शिवाय ताणलेल्या माथ्यांत नवा तपशील येत नाहीं. आहे तोच पातळ होतो.

तथापि, तरुणांस न्याय द्यावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, शिफ्ट लेन्स नसली म्हणून हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. २० मिलिमीटरची रुंद लेन्स लावावी, कॅमेरा ओळंब्यांत ठेवावा, आणि खालची माती नंतर कापून टाकावी. रेषा व प्रमाणें तितकींच खरीं येतात. मात्र त्याच भिंतीला एक तृतीयांशच बिंदू मिळतात. खरा धडा लेन्सचा नाहीं, ओळंब्याचा आहे. लेन्स त्या धड्याचें पूर्ण फळ हातीं देते, इतकेंच.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठीं जुनें गोवें पाहिलें आहे. बॉम जेझू बासिलिकापासून थोडें वर टेकडीवर गेलें कीं संत ऑगस्तीनच्या चर्चचा एकटा मनोरा दिसतो. तोहि आपल्याच जांभ्याचा. त्याची उंची ४६ मीटर. १८३५ सालीं धर्मसंघांवर बंदी येऊन तें चर्च ओस पडलें, १८४२ सालीं त्याची कमान कोसळली, आणि १९३१ सालीं दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. म्हणजे ओस पडल्यावरहि तो दर्शनी भाग जवळजवळ शंभर वर्षें उभा होता. पाहणाऱ्यास वाटलें असेल कीं, इतकीं वर्षें राहिला, तर आणखीहि राहील. जांभा बोलत नाहीं. तो पावसाळे मोजतो, आणि एके वर्षीं मोजणें थांबवितो. त्या मानानें आमच्या वाडीचें चॅपल फारच लहान होतें. परंतु ज्याचा बाप्तिस्मा तेथें झाला, ज्याच्या आईची शवपेटी त्या दारांतून बाहेर आली, त्याला त्या दोहोंत लहानमोठें करतां येत नाहीं.

म्हणून या ज्युबिलीच्या प्रसंगीं आम्ही एक याचना करितों. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक चर्च, प्रत्येक चॅपल, आणि वाटेवरचा व वाडींतला प्रत्येक क्रूस यांचें एकेक सरळ चित्र या वर्षांत काढून ठेवावें. दर्शनी भिंत, दोन्ही बाजू आणि वेदी, अशीं चार चित्रें पुरेत. प्रत्येकाबरोबर तारीख, भिंतीपासूनचें अंतर, कॅमेऱ्याची उंची आणि काठीचें माप लिहून ठेवावें. मूळ फाईल दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि एक प्रत कागदावर छापून चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारीं ठेवावी. माणसाच्या जन्माची नोंद आपण इतक्या काळजीनें ठेवतों. ज्या घरांत ती होते, त्याचीहि ठेवावी. आणि एक नियम समितीनें करावा: कोणत्याहि जुन्या भिंतीचा एक चिरा हलविण्यापूर्वीं तिचें सरळ चित्र व मापें घेतलेलीं असलीं पाहिजेत. दुरुस्तीला आमचा विरोध नाहीं. छप्पर गळत असेल तर तें बदललेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें बदलतों तें काय होतें, हें आपल्या नातवंडांस सांगतां आलें पाहिजे.

मामा आतां हयात नाहींत. त्यांची लेन्स आमच्याजवळ आहे. कडेच्या त्या पुसट डागासह ती उत्तम काम देते. तिच्यासाठीं एक अडॅप्टर आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची एक काठी आम्हीं करवून घेतली आहे. हीं तिन्हीं आज आम्ही धर्मग्रामाच्या तरुण मंडळाच्या स्वाधीन करीत आहों. ज्याला शिकावयाचें असेल, त्यानें रविवारीं मिस्सानंतर आमच्याकडे यावें. आमचे डोळे मंद झाले आहेत, पण पाणसळीची रेघ अजून दिसते. पहिला फोटो मात्र आमच्या वाडीच्या चॅपलचा काढावा, अशी आमची इच्छा आहे. त्याचें तोंड दुसऱ्याचें असलें, तरी तें आतां आपलें आहे. आणि उद्यां तेंहि कोणास हवें होईल.